मळा, गोठा आणि घर : कोल्हापूरच्या घरापुरत्या शेतीचा इतिहास

कोल्हापूरच्या इतिहासलेखनात राजवाडा, देवालये, तालमी, चित्रपटनिर्मिती आणि सहकारी चळवळ यांची जेवढी नोंद झाली आहे, तेवढी घरामागच्या परड्यात बांधलेल्या एखाद-दुसऱ्या म्हशीची आणि गावाबाहेरच्या वीस-तीस गुंठ्यांच्या मळ्याची झालेली नाही. परडे म्हणजे घराच्या पाठीमागची, भिंतीने किंवा कुंपणाने वेढलेली मोकळी जागा. मळा म्हणजे विहिरीच्या अथवा नदीच्या पाण्यावर भिजणारी जमीन. आणि गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा, तेहतीस फूट लांब व तितकाच रुंद असा तुकडा. या तिन्हींच्या आधाराने कोल्हापूर शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत एक विशिष्ट कुटुंबव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या नांदली, जिच्यात घरातील कर्ता पुरुष दरबारची चाकरी, कारागिरी, व्यापार किंवा कारखान्यातील नोकरी करीत असे आणि त्याच वेळी दूध, माळवे म्हणजे भाजीपाला, जोंधळा, भात व गूळ यांची घरची गरज भागेल एवढी शेती ते कुटुंब स्वतः सांभाळीत असे. अशा शेतीला येथे ‘घरापुरती शेती’ म्हटले आहे. शहरातील सधन कुटुंबे आज हौसेने एखादा एकर घेऊन तेथे फळझाडे, कोंबड्या आणि एखादी गाय ठेवतात, आणि ही काही तरी नवी जीवनपद्धती असल्याचे मानले जाते. निदान कोल्हापूरपुरती तरी ही समजूत इतिहासाला धरून नाही.

या शेतीला अनुकूल अशी भूमी येथे मुळातच होती. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या प्रवाहांतून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा आकाराला येते, तिच्या काठची काळी गाळवट जमीन शहराच्या अगदी वेशीपर्यंत येऊन भिडते, आणि पश्चिमेला गगनबावड्याकडे पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस पूर्वेला शिरोळकडे जाईपर्यंत त्याच्या जेमतेम दशांशावर येतो. कोल्हापूर शहर या दोन टोकांच्या मधोमध वसलेले असल्यामुळे त्याच्या परिसरात भातही पिकतो आणि शाळूही, उसाला पाणी मिळते आणि जनावरांना वैरण. एका लहान तुकड्यात कुटुंबाच्या बहुतेक गरजा भागवणे येथे शक्य झाले ते या निसर्गदत्त स्थानामुळे, आणि म्हणूनच केवळ एका पिकावर विसंबण्याची सक्ती या कुटुंबांवर फार उशिरा, म्हणजे उसाच्या राज्यात, आली.

तथापि जमीन सुपीक असणे वेगळे आणि ती लहान लहान कुटुंबांच्या हाती असणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीचे मूळ करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, राज्याच्या चाकरीच्या पद्धतीत सापडते. राज्यात रोख पगाराऐवजी किंवा पगाराच्या जोडीने जमीन देण्याची रीत होती. किल्ल्यांवर वंशपरंपरेने पहारा करणाऱ्या गडकऱ्यांकडे किल्ल्याच्या पायथ्याच्या आसपासच्या जमिनी असत. गावात पोलिसी व निरोप्याची कामे करणाऱ्या शेतसनद्यांकडे चाकरीबद्दल शेत असे. आणि सुतार, लोहार, कुंभार, परीट यांसारखे बलुतेदार, म्हणजे गावाची ठरलेली कामे करून सुगीत धान्याचा वाटा घेणारे कारागीर, यांच्याकडेही पुष्कळदा थोडीफार जमीन व एखादे जनावर असे. या सर्वांचा एक पाय चाकरीत किंवा कसबात आणि दुसरा शेतात होता. ही व्यवस्था त्यांना किती जिवाभावाची होती हे १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावावरून दिसते. ब्रिटिशांच्या पुढाकाराने कारभारावर आलेल्या दाजी कृष्ण पंडित यांनी महसुलाची घडी बदलण्यास हात घातला, गडकऱ्यांच्या जमिनींवरील जुने हक्क धोक्यात आले, आणि सामानगडापासून पेटलेला वणवा भुदरगड, पन्हाळा असा पसरत गेला. इतिहासग्रंथांत हा उठाव ब्रिटिश सत्तेविरुद्धचा लढा म्हणून नोंदला गेला आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या मुळाशी किल्ल्याखालच्या तुकड्यावर पोसलेल्या घरांची, त्या घरांतील चुलींची आणि गोठ्यांची काळजी होती, हेही तेवढेच ठळकपणे सांगितले पाहिजे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली आणि चाकरीतील कुटुंबे शहराच्या पेठांत स्थिरावली. गंगावेस, वरुणतीर्थ वेस, रविवार वेस या नावांतून आजही जुन्या तटबंदीची आठवण उरली आहे. या वेशींच्या आत घर आणि वेशींच्या बाहेर मळा अशी विभागणी असली, तरी जनावरे मात्र आतच, माणसांच्या सोबतीने राहत. जुन्या घराची रचना पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. रस्त्याकडून आत शिरताच सोपा, म्हणजे बैठकीची पुढची पडवी; तिच्या एका अंगाला, पुष्कळदा त्याच छपराखाली, गोठा; मध्ये माजघर आणि स्वयंपाकघर; आणि शेवटी परडे, ज्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ, अळू, शेवगा, कढीलिंब आणि दोडक्याचा वेल. गोठ्याच्या भिंतीलगत गव्हाण, म्हणजे वैरण टाकण्याची दगडी किंवा लाकडी खोबण, आणि जमिनीत रोवलेल्या खुंट्यांची दावण. रात्री जनावर अस्वस्थ झाले तर झोपलेल्या माणसाला जाग यावी, इतके हे अंतर कमी होते. शहरातील रंकाळा, कोटीतीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ यांसारखे तलाव हे या गोठ्यांचे पाणवठेही होते. त्यांपैकी वरुणतीर्थाच्या जागी पुढे गांधी मैदान झाले आणि कपिलतीर्थाच्या जागी भाजीमंडई भरू लागली.

अशा घरातील दिवस पहाटेच्या अंधारात गोठ्यापासून सुरू होई. प्रथम शेण उचलून गोठा लोटायचा, मग म्हशीपुढे सरकीची पेंड, भरडा किंवा घरातील कोंडा भिजवून केलेले आंबोण ठेवायचे, रेडकाला क्षणभर आचळाला लावून पान्हा फुटू द्यायचा आणि मग धार काढायची, असा क्रम होता. धार काढणे हे काम घरोघर वेगवेगळ्या हातांत असे, पण बहुतेक जनावरे एका ठरावीक माणसाच्या हातालाच दूध देत आणि तो हात अनेकदा घरातील सासूचा किंवा थोरल्या सुनेचा असे. त्यामुळे त्या बाईला माहेरी किंवा यात्रेला जाणे जनावराच्या सोयीने ठरवावे लागे. एक मोठी म्हैस दिवसाकाठी पंधरा-वीस किलो शेण टाकते. ते बुट्टीत, म्हणजे वेताच्या किंवा बांबूच्या टोपलीत, भरून परड्याच्या भिंतीवर किंवा मोकळ्या माळावर नेऊन त्याच्या शेणी थापायच्या, वाळल्यावर त्यांचा हुडवा, म्हणजे रचलेला ढीग, उभारायचा आणि पावसाळ्यापूर्वी तो पाचटाने झाकायचा, हे वर्षभराच्या इंधनाचे नियोजन संपूर्णपणे स्त्रियांच्या हाती होते. उरलेले शेण उकिरड्यात जाई आणि बैलगाडीने मळ्यात पोचे. सारवणाला, चुलीला आणि पिकाला पुरणाऱ्या या शेणाचा हिशेब कोणत्याही वहीत मांडला गेला नाही, परंतु ते नसते तर घर आणि मळा यांपैकी एकही उभे राहिले नसते.

दुपार वैरणीची. मळ्याच्या बांधावरचे गवत कापणे, उसाची तोड सुरू असेल तर वाडे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा गोळा करणे, सुगीत कडब्याच्या पेंढ्या रचणे आणि भारा डोक्यावर घेऊन पाणंदीने, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेने, घरी येणे ही कामे बायका आणि मुले मिळून करीत. शाळेत जाणारी मुले सकाळी किंवा संध्याकाळी म्हैस पाण्यावर नेत. तिला तलावात धुताना पोहायला शिकलेल्या पिढ्या कोल्हापुरात झाल्या. म्हैस साधारण दहा महिने गाभण राहते, वेत संपत आले म्हणजे आटते, आणि मधल्या काळात ती भाकड असते. म्हणून घरात दूध अखंड राहावे असे ज्यांना वाटे ते एक दुभती आणि एक गाभण अशी जोडी ठेवीत, आणि ज्यांना ते परवडत नसे ते भाकड जनावर दुसऱ्याकडे अर्धलीने देत. अर्धली म्हणजे सांभाळणाऱ्याने वैरणपाणी करायचे आणि जनावर व्याल्यावर त्याची किंमत किंवा वासरू निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, असा तोंडी करार. शेतीच्या कामांत याच भावनेने पैरा चाले, म्हणजे आज एका घराची माणसे व बैल दुसऱ्याच्या शेतात राबत आणि उद्या त्याची परतफेड होई. रोख पैसा न लागता कामे उरकण्याचे हे दोन मार्ग नसते, तर नोकरदार किंवा कारागीर कुटुंबाला शेती झेपलीच नसती.

पाणी हा या जीवनाचा कळीचा भाग होता. मोट, म्हणजे बैलांच्या साह्याने विहिरीतून पाणी उपसणारी चामड्याची मोठी पिशवी, हे साधन असेपर्यंत एका विहिरीवर भिजणारे क्षेत्र मर्यादितच राहिले आणि मळा आपोआप लहान राहिला. मोट हाकणारा एक, वाकुऱ्यांत, म्हणजे शेतातील लहान वाफ्यांत, पाणी वळवणारा एक, आणि बैलजोडी, एवढा संसार त्यामागे लागे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात (१८९४ ते १९२२) या मर्यादेला प्रथम धक्का बसला. भोगावतीवर राधानगरी येथे त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले धरण त्यांच्या हयातीत अपुरे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. परंतु नदीत वर्षभर पाणी खेळते ठेवण्याची ती कल्पना पुढे नद्यांवर ठिकठिकाणी बांधलेल्या, फळ्या घालून पाणी अडवण्याच्या बंधाऱ्यांनी पुरी केली, ज्यांना सबंध महाराष्ट्रात ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणून ओळखतात. पावसाळ्यात फळ्या काढून पूर वाहू द्यायचा आणि पावसाळा सरताच त्या बसवून पाणी तुंबवायचे, ही त्यांची साधी रीत. कोल्हापूर शहरातील उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत ऑइल इंजिने आणि पंप तयार होऊ लागले, आणि फौंड्रीत काम करणारा कामगार आपल्याच कारखान्यात घडलेले इंजिन गावच्या विहिरीवर बसवू लागला. शेती आणि कारखाना यांचे असे घरगुती नाते कोल्हापुराइतके क्वचितच कोठे आढळेल. बहुसंख्य कामगार आपापल्या खेड्यांतून सायकलने, पुढे मोटारसायकलने येत आणि पाळी संपताच उसाला पाणी पाजायला मळ्यात जात. त्यांच्या कुटुंबाचे जीवनमान समजून घ्यायचे तर कारखान्याचे हजेरीपत्रक आणि गोठा असे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवावे लागतात.

पाणी वाढले तसा ऊस वाढला आणि उसाबरोबर गूळ. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या व्यापारपेठेने कोल्हापुरी गुळाला हुकमी बाजार दिला. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव गुऱ्हाळे पेटत. ज्याच्याकडे स्वतःचा घाणा नसे तो पाळीने दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर आपला ऊस नेई, त्यामुळे दहा-पंधरा गुंठे ऊस असलेल्या कुटुंबालाही वर्षाचा घरचा गूळ मिळत असे. रस काढणारा घाणेकरी, चुलवाणात म्हणजे भट्टीच्या तोंडाशी चिपाडे घालणारा चुलव्या, आणि उकळत्या काहिलीवर, म्हणजे मोठ्या कढईवर, नजर ठेवून पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा गुळव्या, या तिघांच्या कसबावर सगळे अवलंबून असे. मळी वर यावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचे चिकट पाणी रसात घालत, ती झाऱ्याने काढून टाकत, आणि शेवटी काहील वाफ्यात रिती करून घट्ट होऊ लागलेला गूळ साच्यांत भरत. एक टन उसातून साधारण शंभर किलो गूळ निघतो; त्यातला थोडा घरासाठी ठेवून बाकीचे रवे, म्हणजे तीस किलोंच्या ढेपा, पेठेत पाठवले जात. गुऱ्हाळाचे दिवस हे कुटुंबाच्या वर्षातील एकत्र राबण्याचे आणि आप्तेष्टांना बोलावण्याचे दिवस होते. काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा दाट पाक, भांड्यांत भरून लेकीबाळींकडे पाठवली जाई आणि गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नसत. साखर कारखान्यांनी ऊस शेतातूनच उचलून नेण्यास सुरुवात केल्यावर उत्पन्न निश्चित झाले, पण पीक आणि घर यांच्यामधला हा दुवा तुटला. शेतात ऊस उभा आणि घरात गूळ विकतचा, ही स्थिती त्यानंतरची आहे.

दुधाची हकिकत मात्र वेगळी आहे, आणि कोल्हापूरचे वेगळेपण तीत सर्वाधिक दिसते. लांबलचक, खांद्यापर्यंत आणि क्वचित त्याहूनही मागे जाणाऱ्या शिंगांची पंढरपुरी म्हैस ही या भागातील मान्यताप्राप्त जात. अंगाने आटोपशीर, कमी प्रतीच्या वैरणीवरही दूध देणारी आणि सहज पान्हा सोडणारी असल्यामुळे तिला गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन समोर धार काढून देणे गवळ्यांना शक्य झाले. यातूनच दूधकट्टा हा प्रकार रूढ झाला. गंगावेशीसारख्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या असतात आणि लोक उभ्यानेच धारोष्ण दूध, म्हणजे आचळातून नुकतेच काढलेले, न तापवलेले कोमट दूध, पेल्याने पितात. तालमींत घुमणाऱ्या मल्लांच्या खुराकाशी या प्रथेचा संबंध उघड आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि त्यांनी उभारलेले खासबाग मैदान यांमुळे शहरात मल्लांची संख्या वाढली, आणि त्यांच्या दुधासाठी पेठापेठांत गोठे वाढले. ज्या घरातला मुलगा तालमीत जाई त्या घराने त्याच्यासाठी म्हैस घेतल्याची उदाहरणे जुन्या पेठांत मुबलक आहेत. अशा म्हशीचे दूध विकण्यासाठी नसे, आणि म्हणूनच तिला निव्वळ व्यवसायाचे साधन म्हणता येत नाही.

जनावरांविषयीची ही आपुलकी सणांत प्रकट झाली. महाराष्ट्राच्या इतर भागांतील पोळ्याच्या जागी येथे बेंदूर आहे. काही गावांत ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर, तर आषाढ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्रीय बेंदूर साजरा होतो. बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून पुरणपोळीचा घास भरवतात आणि संध्याकाळी कर तोडतात, म्हणजे वेशीत आडव्या बांधलेल्या पानांच्या तोरणाखालून किंवा दोरावरून बैल पळवत नेऊन तो तोडतात. ज्यांच्याकडे बैल नाहीत ती कुटुंबेही कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणून पुजतात, आणि शहरी घरांत हा रिवाज आजही टिकला आहे. दिवाळीत वसुबारसेपासून अंगणात शेणाच्या गवळणी व पांडव मांडले जातात. पाडव्याला गवळी आणि हौशी म्हैसपालक आपापल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगांना रंग, मोरपिसे आणि गळ्यात घुंगरांच्या माळा घातलेली म्हैस मालकाच्या हाकेमागे किंवा त्याच्या मोटारसायकलच्या आवाजामागे धावते आणि बघ्यांची गर्दी तिच्या इमानाला दाद देते. या प्रदर्शनात गोंगाट फार झाला आहे, ही टीका खरी आहे. पण जनावराला नावाने हाक मारणारे आणि त्याने ओळखून धावत येणारे नाते वर्षभराच्या गोठ्यातल्या सहवासाशिवाय निर्माण होत नाही, हे त्या टीकेने विसरू नये.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि घरापुरत्या शेतीवर कायद्यांचा प्रभाव पडू लागला. १९४८ चा कूळकायदा आणि त्याच्या दुरुस्तीनुसार ठरलेला १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ यांनी कसणाऱ्या कुळाला मालक केले. ज्यांनी जमीन दुसऱ्याला लावून दिली होती अशा नोकरदार, पुरोहित आणि व्यापारी कुटुंबांचे मळे गेले. ज्यांच्या घरची माणसे स्वतः राबत होती त्यांचे राहिले, आणि पुष्कळ भूमिहीनांना प्रथमच स्वतःचा तुकडा मिळाला. न्यायाच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. त्याच कायद्याने शेतकरी नसलेल्याने शेतजमीन विकत घेण्यावर निर्बंध घातला, ज्याचा परिणाम पुढच्या काळातील हौशी शेतीवर झाला. दुसरीकडे वारसांमधील वाटण्यांनी तुकडे लहान होत गेले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकडे करण्यास मनाई केली, तरी भावाभावांतील तोंडी वाटणीला तो अडवू शकला नाही, आणि कागदावर सामाईक असलेली जमीन बांध घालून प्रत्यक्षात चौघांत कसली जाऊ लागली.

तुकडे इतके लहान झाल्यावर ही घरे शेतीतून सर्वस्वी बाहेर पडली असती. तसे झाले नाही याचे मोठे श्रेय दूध सहकाराला आहे. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘गोकुळ’ची, स्थापना झाली, आणि वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थांच्या परिवारातही दूध संघ आला. गावागावांत दूध संस्था निघाल्या, सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन रांगा लागू लागल्या, आणि दुधाची किंमत मापाबरोबरच फॅटवर, म्हणजे त्यातील स्निग्धांशावर, ठरू लागली. म्हशीच्या दुधात हा अंश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने म्हैस पाळणाऱ्या जुन्या घरांना त्याचा फायदा झाला. दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल आणि दिवाळीपूर्वी मिळणारा ‘फरक’, म्हणजे वर्षभराच्या दुधावर वाटली जाणारी वाढीव रक्कम, यांभोवती कुटुंबाच्या खर्चाचे वेळापत्रक आखले गेले. उसाचे पैसे वर्षातून एकदोनदा येत आणि ते सहसा पुरुषांच्या हाती जाऊन कर्ज, खत व घरबांधणीत खर्ची पडत; दुधाच्या बिलातून मात्र किराणा, शाळेची फी आणि औषधपाणी होई, आणि त्यावर बाईचा अधिकार घराने हळूहळू मान्य केला. स्त्रियांच्या स्वतंत्र दूध संस्था पुढे निघाल्या त्या याच अनुभवावर. ग्रामीण कोल्हापुरातील मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना दहा दिवसांच्या या बिलाला वगळणे चूक ठरेल. अर्थात या बदलाची किंमतही होती. पूर्वी आधी घरात राहणारे आणि उरले तर बाहेर जाणारे दूध आता आधी संस्थेत जाऊ लागले. ताकाची घागर, लोण्याचा गोळा आणि शेजाऱ्याला फुकट मिळणारे ताक घरोघर कमी होत गेले.

गोठ्यातील दुसरा बदल बैलांच्या बाबतीत झाला आणि तो अधिक मूलगामी होता. विजेची मोटार आली तेव्हा मोट गेली, ट्रॅक्टर व पॉवर टिलर आले तेव्हा नांगर गेला, आणि वर्षातून मोजके दिवस लागणारी बैलजोडी वर्षभर पोसणे अवघड झाले. कागलच्या मातीतून आलेले आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही १९७१ मधील कादंबरी याच संक्रमणाची आहे. मळ्यावर राबणारा एकटा गडी आणि त्याचा जनावरांचा परिवार यांच्यामध्ये यंत्र येऊन उभे राहते, तेव्हा कोणते नाते तुटते, हे तिच्याइतक्या खोलवर जाऊन कोणत्याही कृषी अहवालाने मांडलेले नाही. बैल गेला आणि म्हैस राहिली, याचा सरळ अर्थ असा की गोठ्यातील पुरुषाचे काम संपले आणि स्त्रीचे तसेच राहिले.

शहराच्या वाढीने मळ्यांना अखेरचा घेर घातला. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेची १९७२ मध्ये महानगरपालिका झाली, पेठांतील गोठ्यांवर आरोग्याच्या कारणाने बंधने आली, रंकाळ्यात जनावरे धुण्याला प्रदूषणाच्या प्रश्नामुळे विरोध वाढला, आणि वेशीबाहेरचे मळे एकामागून एक वसाहतींखाली गेले. गुंठागुंठ्याने विकलेल्या आणि बांधलेल्या जमिनी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला, यावरून ही प्रक्रिया किती फैलावली होती ते कळते. तरीही महापालिका झाल्यापासून शहराची हद्द दशकानुदशके वाढू शकली नाही, आणि त्यामागे लगतच्या गावांचा ठाम विरोध होता. कर वाढतील, शेती जाईल आणि गोठा टिकणार नाही, ही त्या विरोधामागची धास्ती घरापुरत्या शेतीची ताकद अजून शिल्लक असल्याची खूण आहे. नदीकाठच्या मळ्यांना पुराची भीती पूर्वीपासून होती, मात्र २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी गोठ्यांपुढे नवाच प्रश्न उभा केला. माणसे नावेतून हलवता आली, पण जनावरे उंचावर नेण्यास उशीर झाला तेथे कुटुंबांनी दावी कापून त्यांना मोकळे सोडले, आणि अनेक घरांनी म्हशीला मागे ठेवून जाण्यास नकार दिल्याने बचावकार्य लांबले.

आज पन्हाळा, जोतिबा आणि गगनबावड्याच्या रस्त्यांवर जी नवी छोटी शेते दिसतात, त्यांचे मालक बहुधा उद्योजक, डॉक्टर किंवा परगावी स्थायिक झालेले कोल्हापूरकर आहेत. वाडवडिलांच्या सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीची मालकी व पीकपाणी सांगणाऱ्या महसुली उताऱ्यावर, नाव असल्यामुळे त्यांतील अनेकांना शेतकरी म्हणून जमीन घेता येते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यावर यांपैकी काही ठिकाणी पाहुण्यांना चुलीवरची भाकरी आणि बैलगाडीची फेरी मिळू लागली. कणेरी येथील सिद्धगिरी मठाच्या ग्रामजीवन संग्रहालयात मोट, गुऱ्हाळ, बलुतेदार आणि धार काढणारी बाई हे सारे मूर्तिरूपाने जतन झाले असून शालेय सहलींना ते जीवन तेथे पाहता येते. या दोन्ही प्रयत्नांचे स्वागत केले पाहिजे. परंतु जुन्या आणि नव्या हौशी शेतीत एक भेद आहे, आणि तो श्रमाचा आहे. जुन्या घरात म्हैस पाळणारे, तिचे शेण उचलणारे आणि तिचे दूध पिणारे एकाच छपराखाली होते. नव्या शेतावर सांभाळणारे जोडपे वेगळे आणि रविवारी येणारे कुटुंब वेगळे. मुलांना जनावराचा लळा दोन्हीकडे लागतो, पण पावसाळ्यातल्या पहाटे उठून गोठा लोटण्याची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आता येत नाही.

या इतिहासाची साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबाराच्या इनामांचे, वतनांचे आणि महसुलाचे दप्तर जपलेले आहे, आणि त्यावर अभ्यासकांनी मोलाचे काम केले आहे. पण त्या दप्तरात जमिनीचा धनी सापडतो, गोठा सांभाळणारी बाई सापडत नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला, तरी सातबाऱ्यावर बाईचे नाव अजूनही क्वचितच दिसते. तिच्या कामाची लेखी नोंद असलेले पहिले कागद म्हणजे गावच्या दूध संस्थेची जुनी रजिस्टरे आणि दुधाची पासबुके. ती आज रद्दीत जात आहेत. शिवाजी विद्यापीठातील अभ्यासकांनी, गावोगावच्या दूध संस्थांच्या संचालकांनी आणि ज्यांच्या घरात अशी पासबुके अद्याप असतील त्या कुटुंबांनी ती जपून ठेवावीत, आणि मोट, गुऱ्हाळ व घरची धार स्वतःच्या हातांनी अनुभवलेल्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात.